पोर्टलवर "जमा" आणि हातात काहीच नाही: मातृवंदनेच्या पाच हजारांचं एक प्रकरण

आधी थोडंसं

नावं देत नाही, वाडीचं नाव आणि तालुकाही नाही, दोनचार बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात म्हणजे कुणी ओळखू नये. सून, सासू, नवरा, आशाताई एवढंच म्हणते. मी त्या भागातल्या एका छोट्या संस्थेत काम करते आणि यातल्या निम्म्या चुका माझ्या आहेत हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचताना वाटेल की बाकी सगळे झोपले होते आणि आम्ही जागे. तसं काही नव्हतं.

घर कसं होतं

रायगड जिल्ह्यातली कातकरी वाडी, तीसेक घरं. महाराष्ट्रात तीन आदिम जमाती, कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी, त्यातली ही एक. वाडी ज्या जागेवर उभी आहे ती जागा दुसऱ्याच्या नावावर. शेती नाही. पावसाळ्यात भात लावणीची मजुरी, मासे-खेकडे, थोडं रानातलं, आणि दिवाळी झाली की वीटभट्टी, ते थेट पाऊस येईपर्यंत. घरात अंत्योदयचं कार्ड आहे, महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, ते घ्यायला कुणीतरी वाडीवर राहायला लागतं म्हणून सासू मागे राहते. हे "सासू मागे राहते" लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सून वीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली. पहिलंच बाळंतपण. शेवटची पाळी ५ ऑगस्ट २०२४. हीच तारीख योजनेच्या सगळ्या हिशोबाच्या मुळाशी असते म्हणून लिहितेय.

नवऱ्याने पावसाळ्यातच भट्टीमालकाकडून ३५ हजार उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली. घरात आजारपण झालं होतं, त्यात गेली. उचल एकट्याच्या नावावर नसते, जोडीच्या नावावर असते, म्हणजे नवरा-बायको दोघं. एक माती कालवणार, एक साच्यात घालणार. हजार विटांमागे दर ठरतो आणि त्यातून उचल वळती होत जाते. जोडी तुटली तर विटा निम्म्या होत नाहीत, निम्म्याहूनही कमी होतात.

योजनेत काय आहे

प्रधानमंत्री मातृवंदना योजना. १ जानेवारी २०१७ पासून सुरू आहे, तिच्या मागे २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आहे ज्यात गरोदर बाईला किमान सहा हजार मिळायला हवेत असं लिहिलंय, योजनेत पहिल्या बाळाला पाच ठेवले आणि उरलेलं जननी सुरक्षेतून, म्हणजे दवाखान्यात बाळंत झाल्यावर मिळणाऱ्या पैशांतून, धरायचं असा तो हिशोब. आधी तीन हप्ते होते, एप्रिल २०२२ पासून दोन झाले. गरोदरपणाची नोंदणी आणि सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाली की तीन हजार. बाळाच्या जन्माची नोंद आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्या की दोन हजार. दुसरं बाळ मुलगी असेल तर एकदम सहा हजार, मुलगा असेल तर काही नाही. पहिल्या बाळाचा अर्ज पाळीच्या तारखेपासून ५७० दिवसांत व्हायला हवा.

म्हणजे हे सशर्त पैसे आहेत. जगभर चालतात असे, मेक्सिकोने १९९७ मध्ये मोठ्या प्रमाणावर केलं, ब्राझीलने २००३ मध्ये. कल्पना साधी आहे की आईने तपासणी केली, बाळाला लस दिली की सरकार पैसे देतं, त्यामुळे गरिबीतही त्या गोष्टी होतात. कागदावर मला अजूनही ही कल्पना वाईट वाटत नाही.

पहिला निर्णय: जायचं की राहायचं

ऑक्टोबर २०२४ मध्ये आशाताईने सुनेचं नाव नोंदवलं, उपकेंद्रात तपासणी झाली, हिरवा कंदील सगळा. अर्जाला पात्रतेचा पुरावा पाहिजे होता आणि सुनेचं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढलेलंच नव्हतं, माहेरच्यावरून कमी करून आणा वगैरे भानगड, जातीचा दाखला तर घरात कुणाकडेच नाही. तेव्हा आम्ही ई-श्रम कार्ड काढलं, असंघटित मजुरांचं असतं ते, तेही चालतं. सेतूवाल्याकडे अंगठा लागला, काम दहा मिनिटांत झालं. पासबुक म्हणून तिचं आश्रमशाळेतल्या शिष्यवृत्तीचं जुनं बँक खातं जोडलं. आधार माहेरच्या नावाचं.

मग प्रश्न आला भट्टीवर जायचा. मी सरळ म्हणाले जाऊ नकोस. सासूजवळ राहा, उपकेंद्र जवळ आहे, अंगणवाडीत ये. माझ्या डोक्यात तीन हजारांचा आकडा होता आणि तिच्या डोक्यात पस्तीस हजारांचा. तिने जे विचारलं ते असं होतं, "ताई, मी राहिले तर याच्या एकट्याने फिटेल का?" मी काही बोलले नाही कारण उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तीन पर्याय होते खरं तर. एक, ती वाडीवर राहील आणि नवरा एकटा जाईल, मग उचल पुढच्या वर्षावर चढेल. दोन, दोघं जातील आणि बाळंतपणाला ती एप्रिलमध्ये परत येईल. तीन, दोघं जातील आणि बाळंतपण तिकडेच होईल. घरात दुसरा ठरला. आम्ही एवढंच केलं की माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं, त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये ठेवला, आणि भट्टीच्या जवळचं आरोग्य केंद्र कुठलं ते शोधून तिथल्या सिस्टरशी फोनवर बोलून ठेवलं. त्यावेळी मला हे फार मोठं काम वाटलं होतं.

पैशाचं काय, कुठल्या खात्यात येणार, येऊन गेले तर तिला कळणार कसं, याबद्दल कुणीच एक शब्द बोललं नाही. मीही नाही.

भट्टीवरचे महिने

नोव्हेंबर ते जानेवारी सगळं ठीक, म्हणजे जसं ठीक असतं तसं. आठवड्याची खर्ची मिळायची, बाजारादिवशी सामान. फेब्रुवारीत तिला चक्कर येऊन पडायला झालं, मग नवऱ्याने आरोग्य केंद्रात नेलं. त्या केंद्रात ९ तारखेला गरोदर बायांची डॉक्टरकडून तपासणी असते, सुरक्षित मातृत्व अभियानाची, त्यात नंबर लागला. हिमोग्लोबिन ७.८. आयर्नची इंजेक्शनं सलाईनमधून द्यावी लागली, त्यासाठी चार फेऱ्या, चार दिवस विटा बंद. सिस्टरने मला फोन केला तेव्हा मी म्हटलं मांस-मच्छी-अंडी काहीतरी पोटात जाऊ दे, शेंगदाणे-गूळ घ्या. सुनेने ऐकून घेतलं. खर्चीत किती बसतं ते तिला माहीत, मला नव्हतं.

एप्रिलमध्ये परत यायचं ठरलेलं, ते झालं नाही. उचल अजून फिटली नव्हती आणि मालकाने मेपर्यंत थांबवलं. ६ मे २०२५ ला कळा सुरू झाल्या, ॲम्ब्युलन्स आली, तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात मुलगा झाला. वजन सव्वादोन किलो. जन्माच्या वेळच्या लसी तिथेच झाल्या, जन्माची नोंदही तिथेच झाली कारण जन्म जिथे होतो नोंद तिथलीच असते. त्यानंतर वळवाने झोडपायला सुरुवात केली, मेच्या शेवटी तर पाऊसच आला, मुंबईत २६ मे ला मान्सून पोचला, इतका लवकर तो पाऊणशे वर्षांत आला नव्हता. कच्च्या विटा भिजून परत माती झाल्या. भिजलेल्या विटांचे पैसे मिळत नाहीत, हे वेगळं प्रकरण आहे, त्यात शिरत नाही.

अडचण काय झाली

जूनमध्ये वाडीवर आल्यावर सुनेने आशाताईला विचारलं, माझे पैसे कुठे? आशाताईने मोबाईलवर पोर्टल उघडून दाखवलं, पहिला हप्ता जानेवारीतच जमा. सून म्हणे आले नाहीत. आशाताई म्हणे गेलेत, हे बघ दिसतंय.

आता वाडीवर असं झालं की काय होतं ते ज्यांनी काम केलंय त्यांना सांगायला नको. हातपंपावर बोलणं सुरू झालं की आशाने खाल्ले. मग दुसरं बोलणं, नवऱ्याने भट्टीवर परस्पर उचलून दारूत घातले. सासू आठ दिवस मुलाशी बोलली नाही. आशाताई माझ्याकडे येऊन रडली, तिला फॉर्ममागे जे काही मिळतं त्यासाठी चोर म्हणवून घ्यायचं का हा तिचा प्रश्न होता आणि रास्त होता. एका न आलेल्या हप्त्याने तीन माणसं एकमेकांपासून तुटली.

आणि मुख्य अडचण अशी की सगळे खरं बोलत होते. पोर्टल खरं बोलत होतं, सून खरं बोलत होती.

पर्याय, आणि आम्ही कसे गोल गोल फिरलो

पहिली फेरी जुन्या बँकेत. माहेरच्या तालुक्याला शाखा, जायला दोन गाड्या बदलायच्या, कडेवर महिन्याचं पोर. पासबुक प्रिंट केलं तर जानेवारीत काय, वर्षभरात एंट्री नाही. काउंटरवरचे साहेब म्हणाले आधार लिंक आहे आमच्याकडे, पैसे यायला पाहिजे होते, वर विचारा. दुसरी फेरी वर, म्हणजे तालुक्याला. तिथे म्हणाले आमच्याकडून गेलेत, बँकेत विचारा.

इथे जी गोष्ट मला दहा वर्षं काम करूनही धड माहीत नव्हती ती लिहून ठेवते. आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैसा आधारवरून ज्या खात्यात पडतो ते खातं वेगळं. लिंक पाच खात्यांना असू शकतं. पण सरकारचा पैसा एकाच खात्यात पडतो, जे शेवटचं एनपीसीआयच्या, म्हणजे बँकाबँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या, यादीत चढवलंय त्यात. अर्जाला कुठलं पासबुक जोडलं याला तिथे किंमत नाही. साधी लिंक ती केवायसी, म्हणजे नुसती ओळख पटवणं, दुसरी ती सीडिंग, म्हणजे त्या यादीत चढवणं, पण बँकेत बोलताना दोन्हीला "लिंक"च म्हणतात, आणि सगळा घोळ या एका शब्दाचा आहे.

साध्या फोनवरून *९९*९९*१# लावून आधार नंबर टाकला की खात्याला जोडलंय की नाही ते कळतं. आम्ही लावलं, जोडलंय आलं. कुठल्या बँकेला ते बघायला आधारच्या वेबसाईटवर ओटीपी लागतो, ओटीपीला आधारचा मोबाईल नंबर लागतो, आणि तो नंबर भट्टीवर हरवलेल्या सिमचा. परत सुरुवातीला.

मग आमच्यापुढे हे पर्याय होते. तक्रार टाकून वाट बघायची, म्हणजे शोधायचं काम त्यांनी करायचं. किंवा जुना हप्ता सोडून द्यायचा आणि नवीन खातं जोडून पुढचे दोन हजार तरी पदरात पाडायचे, हे नवऱ्याचं मत होतं. किंवा मोबाईल नंबर बदलून घ्यायचा आणि स्वतः बघायचं पैसा कुठे गेला. मला तिसरं पटलं पण त्यात अजून दोन फेऱ्या होत्या आणि लावणी तोंडावर आलेली, दिवसाची मजुरी बुडते. सुनेवर सोडलं. ती म्हणाली बघूया, आशाताईवर आळ आलाय. पैशासाठी नाही, त्यासाठी ती आली, हे मला आजही आठवतं.

काय केलं

आधार केंद्रात नंबर बदलायला कागद लागत नाहीत, फक्त ठसा लागतो. आणि ठसाच लागेना. सहा महिने माती आणि वाळू कालवून बोटांवर रेघाच राहिल्या नव्हत्या. ऑक्टोबरात जो अंगठा दहा मिनिटांत लागला होता तो जूनमध्ये कोरा. केंद्रातल्या मुलीने डोळ्यांचं मशीन लावलं, बुबुळावरून काम झालं. सगळ्या ठिकाणी हे मशीन असतं असं नाही, आमचं नशीब.

काही दिवसांनी ओटीपी आला. वेबसाईटवर जे नाव आलं ती एक पेमेंट्स बँक होती, म्हणजे कर्ज न देणारी, फक्त छोटी खाती आणि पैशांची देवघेव सांभाळणारी बँक. सून म्हणे ही कुठली, मी तर कधी गेलेच नाही. नवरा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, तो छत्रीवाला पोरगा.

झालं होतं असं. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे अर्जाच्या आधी, बाजारात छत्री लावून एक पोरगा फुकट सिम वाटत होता. सुनेचा अंगठा त्याने दोनदा घेतला, म्हणे पहिल्यांदा नीट लागला नाही. एक अंगठा सिमचा होता, दुसरा खात्याचा. खातं उघडलं, आधारच्या यादीत शेवटचं म्हणून चढलं, आणि सरकारचे तीन हजार तिथे जाऊन बसले. आशाने खाल्ले नव्हते, नवऱ्यानेही नाही.

एकदा बँकेचं नाव कळल्यावर पैसे काढायला त्या बँकेची शाखा लागत नाही. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात आधारवरून निघतात, मशीनवर बँक निवडायची आणि बोट ठेवायचं. अंगठाच पाहिजे असं नसतं, दहातलं कुठलंही बोट चालतं, हे त्या केंद्रवाल्यालाच माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी नाही लागलं. चारपाच दिवस तिने हाताला तेल चोळलं, परत गेलो, डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. शिल्लक आली ३,७०० रुपये. सातशे कसले म्हणून आम्ही एकमेकींकडे बघतोय, ते जननी सुरक्षेचे होते, ग्रामीण रुग्णालयातल्या बाळंतपणाचे. ते तर कुणी विचारलेही नव्हते.

केंद्रवाल्याने पन्नास रुपये कापले. या व्यवहाराचं कमिशन त्याला बँकेकडून मिळतं, गिऱ्हाईकाकडून घ्यायचं नसतं. मी भांडायला उभी राहिले तर सुनेनेच माझा हात धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, पुढचे पैसे पण याच्याकडूनच काढायचेत ना. मी बरोबर होते पण शहाणी ती होती.

दुसरा हप्ता

इथे दोन निर्णय महत्त्वाचे होते.

एक खात्याचा. पेमेंट्स बँकेचं खातं आहे तसं ठेवायचं आणि बोटावर काढत राहायचं, की बदलायचं? बदलायचं तर जुनी बँक लांब, म्हणून पोस्टमनकडून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडलं, तो वाडीवर येतो, त्याला ती ओळखते, आणि सीडिंग तिकडे वळवलं. धोका हा की मधल्या काळात हप्ता निघाला तर परत गोंधळ. म्हणून आधी सीडिंग वळल्याचं वेबसाईटवर डोळ्यांनी बघितलं, मगच दुसऱ्या हप्त्याचा फॉर्म भरायला दिला.

दुसरा नावाचा. जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव सासरचं, आधारवर माहेरचं. जो भेटेल तो म्हणे आधार बदला. मीही जवळजवळ बदलायलाच निघाले होते, लग्नाचा दाखला नाही म्हणून तो कसा काढायचा याची चौकशीही केली. मग थांबले, कारण अर्ज माहेरच्या नावाने चढलेला, आधार आता बदललं तर पहिल्या हप्त्याची नोंद आणि दुसऱ्याचं आधार यांचा मेळच बसणार नाही. आणि नव्या नियमांत नवऱ्याचं आधारही सक्तीचं नाही, तिथे सासरच्या नावाचा हट्ट कशाला. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका बाईंना भेटून हे मांडलं, त्यांनी वाचून बघितलं आणि म्हणाल्या राहू दे तसंच. एका मिनिटात सुटलं. पण ते एक मिनिट मिळवायला अर्धा दिवस गेला.

लसींचं सांगते. सहा आठवड्यांची १७ जूनच्या आसपास झाली. पुढची १५ जुलैच्या सुमाराला असायला हवी होती, तेव्हा लावणीचा भर, सून दुसऱ्या गावात, वाडीवर लसीकरणाचा दिवस येऊन गेला. आशाताई पंधरा दिवसांनी तिला शोधत बांधावर गेली. हो, तीच आशाताई. तिसरी ऑगस्टअखेर झाली. सप्टेंबरमध्ये फॉर्म गेला. ५७० दिवसांचा हिशोब केला तर २६ फेब्रुवारी २०२६ येत होता, म्हणजे वेळ होता, पण दिवाळीनंतर ही परत भट्टीवर जाणार, मग सगळं मेवर गेलं असतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन हजार आले. तोपर्यंत ती भट्टीवर होती. तिकडूनच काढले. फोनवर फक्त एवढं म्हणाली, पहिल्याच बोटाला लागलं.

हिशोब

एकूण मिळाले ५,७००. जून ते सप्टेंबर सात फेऱ्या, फेरीला शंभर-सव्वाशे भाडं धरलं तर आठशेच्या आसपास, लावणीचे तीन दिवस बुडाले ते वेगळे, केंद्रवाल्याचे पन्नास. पहिल्या ३,७०० मधून तिने छपरावर टाकायला ताडपत्री घेतली, दुकानाची उधारी थोडी दिली, हजार सासूजवळ ठेवले. चांगलाच वापर केला, कुणीही तिला शिकवलं नव्हतं.

पण एक गोष्ट मला टोचत राहते. हे पैसे कशासाठी असतात? गरोदरपणात मजुरी बुडते, पोटात चार घास बरे जावेत म्हणून. फेब्रुवारीत तिचं हिमोग्लोबिन ७.८ होतं, मी फोनवर तिला अंडी खायला सांगत होते, आणि तेव्हा तीन हजार रुपये तिच्या नावावर महिन्याभरापासून पडून होते.

आणि अट? फेब्रुवारीतली तपासणी तिने केली ती चक्कर आली म्हणून. दवाखान्यात बाळंत झाली ती ॲम्ब्युलन्स आली म्हणून. लस दिली ती आशाताई बांधावर गेली म्हणून. कुठल्या गोष्टीला किती पैसे मिळतात हे तिला ऑगस्टपर्यंत माहीतच नव्हतं, तिला वाटत होतं की नाव घातलं की पैसे येतात. ज्या अटीची खबरच नाही ती अट माणसाला कुठे कशी नेणार. अट तिने सगळी पाळली, अडली ती अंगठा, ओटीपी आणि सिम यांच्यात.

सासूला लाडकी बहीणचे दीड हजार दर महिन्याला येतात, तिथे तपासणीबिपासणी काही नाही. ती एकदा म्हणाली, मला काही न विचारता देतात, हिला पोर होऊन पण दाखवायला लागतं. मी हसले पण उत्तर सुचलं नाही.

आता परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी ऑगस्ट २०२४. लाडकी बहीणच्या धांदलीत वाडीवरच्या बायांना घेऊन मी बँकेत गेले होते, सीडिंगसाठीच. दिवसभर रांग. सासू त्यात होती. सूनही आली होती सोबत, पण तिथे वयाची अट २१ पासून आणि ती वीसची, म्हणून ती दाराबाहेर बाकावर बसून होती. मी तिला पाणी दिलं. तेव्हाच तिचंही सीडिंग तपासून पोस्टमनकडे वळवलं असतं आणि बाजारात कुणाला अंगठा द्यायचा नाही एवढं सांगितलं असतं तर हे प्रकरण लिहायलाच लागलं नसतं.

दुसरं, ऑक्टोबरात "जाऊ नकोस" म्हणण्यात मी जो वेळ घालवला तो "जाणारच आहेस तर काय काय घेऊन जा" यात घालवायला हवा होता. कार्डाची पिशवी दिली ते बरं केलं. पण जानेवारीत आशाताईला एक फोन केला असता तर पैसे जमा दिसले असते आणि फेब्रुवारीत शोध सुरू झाला असता, आधार केंद्रं तिकडेही होतीच की.

तिसरं, आशाताईवर आळ आला तेव्हा आम्ही पहिल्याच दिवशी वाडीत बसून सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं की जमा दिसणं म्हणजे कुणी खाल्लं असं नसतं. आम्ही म्हटलं आधी पुरावा मिळू दे. पुरावा मिळायला सात आठवडे लागले आणि तोपर्यंत ती दोन घरांत जायची बंद झाली होती, त्या दोन घरांतल्या पोरांच्या लसी राहिल्या.

छत्रीवाल्या पोराविरुद्ध तक्रार करायची का यावर आमच्यात वाद झाला. न विचारता खातं उघडणं सरळ चुकीचं आहे. पण सुनेला साक्षीला उभं करायचं, परत फेऱ्या, आणि तो पोरगाही कुणाच्यातरी टार्गेटवर काम करणारा. नाही केली. मला अजून वाटतं करायला हवी होती, आमच्या दुसऱ्या कार्यकर्त्याला वाटतं नको तेच बरं झालं.

सरकारी बाजूने काय वेगळं करता येईल, तर ब्राझीलची एक पद्धत मला आवडते. तिथे अट मोडली की लगेच पैसे बंद होत नाहीत, आधी नोटीस, मग थोडे दिवस थोपवणं, मग स्थगिती, रद्द अगदी शेवटी, आणि मधे समाजकार्यकर्त्याने घरी जाऊन काय अडलंय ते बघायचं असतं. अट मोडली म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय अशी खूण धरतात. आपल्याकडे ओडिशाने २०११ मध्ये गरोदर बायांसाठी अशीच पैशांची ममता योजना आणली तेव्हा दोन बाळंतपणांची मर्यादा ठेवली पण आदिम जमातींना त्यातून सूट दिली. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावायचं नाही हे आपल्या देशातही सुचलेलं आहे. वर्षातले सहा महिने जी बाई वाडीवर नसते तिच्यासाठी "जमा" दिसल्यावर पंधरा दिवसांत हातात पोचले का एवढं विचारणारा एक फोन, इतकंही चाललं असतं.

आणि शेवटची चूक, ती मला नोव्हेंबरमध्ये कळली. आम्ही हे सगळं एका घराचं भांडण म्हणून सोडवत बसलो होतो. सुनेचे दोन हजार आल्यावर आशाताईच म्हणाली की वाडीतल्या बाकीच्यांचं बघूया का. मागच्या दोन वर्षांत पहिलं बाळंतपण झालेल्या चार बाया निघाल्या. दोघींचे व्यवस्थित पोचलेले. तिसरीचा पहिला हप्ता त्याच पेमेंट्स बँकेत, त्याच बाजारातला, तो आम्ही काढला. चौथीचा फॉर्मच गेला नव्हता, रेशनकार्डात नाव नाही म्हणून परत दिलेला तिच्या घरात पत्र्याखाली खोचलेला सापडला. ई-श्रम चालतं हे तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाळीची तारीख घेऊन आम्ही तिथेच बसून दिवस मोजले. सहाशे बारा.